पाचवी गाठ

डॉक्टरीणबाईंनी समूच्या हातावर
निळ्या पेनानं आठ आकडे घातले,
प्रत्येकापाशी एक थेंब, एक टोचा.
धूळ, झुरळ, बुरशी, कुत्रं, मांजर,
पुढची नावं मी ऐकली नाहीत.
पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही, म्हणाल्या.
समू आठ वर्षांची. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही.

पाचव्या आकड्यापाशी
गांधील चावल्यासारखी फिकट गाठ वर आली,
जुन्या चार आण्याएवढी.

'घरात मांजर आहे?'
नाही.
'शेजारी?'
नाही. कोपरखैरण्याला वरची एक खोली आमची,
खिडकीला जाळी. मांजर येणार कुठून?
'केसांचं काही नसतं,' त्या म्हणाल्या,
'कातडीचा कोंडा असतो, वाळलेली लाळ असते.
डोळ्यांना दिसत नाही.
कपड्यांवर बसून येतो.'

मी माझ्या पँटीकडे बघितलं.

मी मापाडी. मसाला मार्केटात सत्तावीस वर्षं.
मिरचीच्या गाळ्यात नवखा माणूस दोन मिनिटं टिकत नाही,
मला शिंक येत नाही.
तिथं थप्पीवर एक मांजरी आहे,
उंदरांसाठी शेटनं ठेवलेली. पगार नाही, दूध आहे.
पोत्यांवर लोळून लोळून पांढऱ्याची पिवळी झाली,
म्हणून हळदी.
दुपारी डबा संपला की मांडीवर येते.
मी काटा बघतो, पावती फाडतो,
एक हात तिच्या पाठीवर.
घरी कधी बोललो नाही.
बोलण्यासारखं त्यात काय, असं वाटायचं.
आणि समू दोन वर्षं मागत होती: मांजर, मांजर.
मी म्हणायचो, जागा कुठाय.

दवाखान्याच्या पायरीवर सगळं सांगून टाकलं.
तुझी सकाळची शिंक, रात्रीची धाप,
मीच आणत होतो रोज, मांडीवरून.
वाटलं, रडेल.
ती म्हणाली, 'म्हणजे तुमच्याकडे आहे.'
मग दप्तरातून बॉलपेन काढलं
आणि पाचव्या गाठीला दोन कान, सहा मिश्या काढल्या.
'ही माझी.'
रिक्षात हात मांडीवर धरून बसली,
खड्डा आला की दुसऱ्या हातानं झाकायची.
तीन टाकीपर्यंत गाठ बसली.
मिश्या राहिल्या.

रात्री तिच्या आईला सांगितलं.
'कोंड्याचा मांडा करते पोरगी,' म्हणाली,
आणि कणीक मळत राहिली, बराच वेळ.

रविवारी वाशीला दुकानात गेलो.
दुकानदारानं पांढरंशुभ्र काहीतरी पुढं केलं:
'याची ॲलर्जी होतच नाही. लिहून देतो.'
काट्याखाली बोट लावणारे मी रोज बघतो.
कोंडा नसलेलं मांजर अजून जन्माला यायचंय,
हे बाईंनी बजावून पाठवलं होतं.
ससा? त्यालाही कातडी. पोपट? पिसं, वर कायदा.
शेवटी चार गप्पी, पिशवीत पाणी बांधून.
'हाक मारली तर येतात?' समूनं विचारलं.
'दाणे टाकले तर येतात.'
'मग ते येणं नाही,' ती म्हणाली.
पिशवी मात्र स्वतःच धरली.

आता मी गाळ्यावरच कपडे बदलतो.
तिथले तिथं, खुंटीला.
तरी घरी आलो की आधी मोरी.
दाराबाहेर समू पाट घेऊन बसते.
'हळदीनं आज काय केलं?'
मी तांब्या ओततो, सांगतो:
धण्याच्या गोणीवर चढली.
एक उंदीर बघितला आणि सोडून दिला.
शेटच्या वहीवर झोपली, हिशेब तसाच राहिला.
मग अंग चोळतो. नखं, कानामागं,
आणि तो दंड, जिथं ती डोकं घासते.
तिथं हात जरा हळू चालतो.
पाण्यात पिवळं काही उतरतं,
जाळीपाशी घुटमळतं.

बाहेरून आवाज येतो:
'पाणी कमी ओता ना. ऐकू येत नाही.'